टाकी भरलेली, तरी कूलंटचा दिवा का?

डॅशबोर्डवर कूलंटचा, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा दिवा लागलाय? आधी इंजिन गार होऊ द्या. कात्रजचा घाट चढून आल्या आल्या टाकीचं झाकण फिरवलंत, तर हात भाजलाच म्हणून समजा. पातळी टाकीवरच्या मिन (MIN) खुणेच्या खाली असेल तर दिवा खरं बोलतोय, गळती शोधा.

पातळी ठीक असेल तर टाकीला लागलेला, पातळी ओळखणाऱ्या सेन्सरचा सॉकेट बघा. सेन्सर दोन तऱ्हांचे. एकात तरंगत्या फ्लोटमध्ये चुंबक असतं, ते खाली आलं की रीड स्विचची (चुंबकाने चालणाऱ्या स्विचची) स्थिती बदलते. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर (सर्किट जोडलंय का ते दाखवणाऱ्या सेटिंगवर) ठेवून फ्लोट वर-खाली करा. रीडिंग बदललंच नाही तर फ्लोट अडकलाय किंवा स्विच गेलाय. दुसऱ्यात दोन पिना, त्यांच्यामधून कूलंटच वीज नेतं. पिनांवर थर बसला, किंवा कुणी नुसतं डिस्टिल्ड वॉटर ओतलं (हे फार होतं!), तर भरल्या टाकीतही दिवा लागतो. इथे मीटरपेक्षा पिना पुसणं आणि कूलंट-पाण्याचं योग्य मिश्रण, बहुधा 50:50, जास्त कामाचं.

वायर जोडून दिवा विझवायचा जुगाड नको; कुठल्या गाडीत उघडं सर्किट म्हणजे 'कमी', कुठल्या गाडीत बंद.

पुण्यात नाना पेठेतल्या स्पेअर पार्ट्सच्या बाजारात सेन्सर घ्यायला जाताना जुना सोबत न्या.