खडकवासल्याच्या भिंतीवरची ओल

प्रश्न : आम्ही सिंहगड रस्त्याला राहतो. खडकवासला धरणाच्या खालच्या अंगाने जाताना भिंतीवर ओले पट्टे आणि पांढरे ओघळ दिसतात. दगडांच्या फटीत झुडपं उगवलेली दिसतात. सासूबाईंनी 1961चा पूर भोगलाय. पाऊस लागून राहिला की त्यांचा डोळा लागत नाही. मुलगा म्हणतो, धरण दीडशे वर्षांचं झालं, फ्लॅट विकून टाकू. तुम्ही पाटबंधारे खात्यात होतात म्हणून विचारते, या धरणाचं नक्की काय?
– एक वाचक, पुणे

उत्तर : ताई, तुमच्या पत्रावरून धरणाला दाखला देणं बरोबर होणार नाही, तो मी देत नाही. पण काय बघून घाबरायचं आणि काय बघून नाही, हे मात्र सांगतो.

दगडी धरण पाझरतंच. खडकवासल्याचं मूळ बांधकाम 1870च्या दशकातलं, ब्रिटिश अभियंता कर्नल फाइफच्या देखरेखीखालचं, दगड आणि चुन्याचं. तुम्हाला दिसणारे पांढरे ओघळ म्हणजे पाझराबरोबर बाहेर आलेला चुना. वर्षानुवर्षं तो असाच जात राहिला तर आतलं बांधकाम पोकळ होत जातं, म्हणून ठरावीक काळाने दर्जा, म्हणजे दगडांमधले सांधे, भरायच्या आणि भोकं पाडून सिमेंटचं ग्राउटिंग करायचं, म्हणजे सिमेंटचं पातळ मिश्रण दाबाने आत भरायचं असतं. झुडपांचं म्हणाल तर ती लहान असतानाच काढायला हवीत. पिंपळाचं मूळ एकदा सांध्यात शिरलं की वरून कितीही छाटा, आत ते जाड होतच राहतं.

ओल दिसते का, याला फारसा अर्थ नाही. ती मोजली जाते का, हे महत्त्वाचं. पाझराचं पाणी एका चारीत गोळा करतात, तिच्या तोंडाशी व्ही आकाराची खाच असलेला पत्रा बसवतात आणि खाचेतून किती उंचीने पाणी वाहतं ते रोज वहीत लिहितात. शेजारच्या रकान्यात जलाशयाची पातळी. पातळी तेवढीच असून यंदाचा पाझर गेल्या वर्षीपेक्षा वाढला, तर भिंतीच्या पोटात काहीतरी बदललंय.

आणि पाझर अचानक कमी झाला तरीही चौकशी करायची. सह्याद्रीतल्या एका दगडी धरणावर मी शाखा अभियंता होतो. तिथे भिंतीच्या पोटात बोगद्यासारखी गॅलरी होती आणि तिच्या तळाला पायातलं पाणी काढून देणारी निचऱ्याची छिद्रं ओळीने होती. चौकीदार नाना रोज कंदील घेऊन आत फेरी मारायचे. एका सकाळी येऊन म्हणाले, "साहेब, बारा नंबर सुकलाय." बरोबरच्या नव्या पोराला वाटलं, चांगलंच झालं, गळती थांबली. आम्ही त्याच दिवशी ते छिद्र साफ करायला घेतलं. आतून मनगटाएवढा घट्ट पांढरा खडा निघाला, पाण्यातून आलेल्या चुन्याचाच थर. तो निघताच पाणी गुडघ्यापर्यंत उसळलं. एवढा दाब तिथे साठला होता.

धरणाच्या पायाखाली शिरलेलं पाणी भिंतीला खालून वर उचलू बघतं. दगडी धरण उभं राहतं ते स्वतःच्या वजनावर, आणि हा दाब त्या वजनातूनच वजा होतो. फ्रान्समधलं बूझे धरण 1895मध्ये फुटलं, त्यानंतर हा हिशेब जगभरच्या अभियंत्यांनी मनावर घेतला. खडकवासला त्याआधीचं आहे, मुंबईला पाणी देणारं 1892चं तानसाही. त्या काळच्या मूळ आराखड्यात हा दाब धरलेलाच नसे, आणि तो मोजायला गॅलरीही नसे. म्हणून अशा धरणांना नंतर बळकटी द्यावी लागते. प्रवरेवरचं भंडारदरा 1926चं. 1969मध्ये त्याला तडे जाऊन मोठी गळती लागली, तेव्हा मागून दगडी आधारभिंती देऊन ते सावरलं. आजही ते उभं आहे.

आता 1961. सासूबाईंना हे जरूर सांगा की 12 जुलैला खडकवासला म्हातारं झालं म्हणून पडलं नाही. वरचं पानशेत मातीचं, अर्धवट बांधलेलं. त्याच्या विमोचकाचं, म्हणजे पाणी सोडायच्या मोरीचं, काम पुरं झालेलं नसताना पावसाळ्यात त्यात पाणी साठू दिलं. ते फुटलं आणि तो सगळा लोंढा खडकवासल्याच्या माथ्यावरून गेला. तेवढं पाणी पेलण्यासाठी ते बांधलेलंच नव्हतं. नंतर पडलेला भाग नव्याने बांधला गेला.

माझी खरी काळजी इथेच आहे. खडकवासल्यात जेमतेम 2 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावतं. वरच्या पानशेत, वरसगाव आणि टेमघरमध्ये मिळून 27 टीएमसी. वरची धरणं भरली की त्यांचा विसर्ग आणि मधल्या डोंगरांचं पाणी या एका छोट्या जलाशयात उतरतं, आणि ते वेळेत पुढे सोडणं हाच त्याचा बचाव. म्हणून भिंतीइतकंच सांडव्याच्या दरवाजांकडे बघा. त्यांना ग्रीस झालंय का, रबर सील बदललंय का, वीज गेली तर जनरेटर चालू होतो का, हाताने दरवाजा उचलता येतो का. दरवाजाची पावसाळ्याआधी चाचणी झाली नाही हे मला ओल्या पट्ट्यांपेक्षा कितीतरी गंभीर वाटतं.

वयाचं तुमच्या मुलाला इतकंच सांगा. टेमघर या चारही धरणांत सर्वांत नवं, आणि गळतीसाठी गाजलं तेच. त्याच्यावर ग्राउटिंग करावं लागलं. चिपळूणजवळचं तिवरे धरण जेमतेम वीस वर्षांचं होतं. गावकरी गळतीची तक्रार करत होते, आणि 2 जुलै 2019च्या रात्री ते फुटलं, वीसहून अधिक माणसं गेली. त्या तक्रारींचं काय झालं, हे मला आजही सलतं.

2021च्या धरण सुरक्षा कायद्याने पावसाळ्याच्या आधी आणि नंतर तपासणी बंधनकारक केली आहे. स्वतंत्र तज्ज्ञांकडून सर्वंकष मूल्यमापन आणि आपत्कालीन कृती आराखडा, दोन्हींसाठी जुन्या धरणांना कायदा लागू झाल्यापासून पाच वर्षांची मुदत आहे. माहितीच्या अधिकारात अर्ज करा आणि चारच गोष्टी मागा : गेल्या दोन तपासण्यांचे अहवाल, तीन वर्षांची पाझराची नोंदवही, दरवाजांच्या चाचणीची तारीख, आपत्कालीन आराखडा. सोसायटीच्या लेटरहेडवर एकत्र पाठवलात तर जास्त बरं.

फ्लॅटचं शेवटी. तो विकायचा की नाही हे धरणाच्या वयावर ठरवू नका, पूररेषेवर ठरवा. निळी रेषा म्हणजे साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द, लाल रेषा म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत इमारत असेल तर धरण ठणठणीत असूनही पाणी घरात येऊ शकतं. 25 जुलै 2024ला तुमच्याच सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत तेच झालं. धरण शाबूत होतं, दरवाजे उघडले होते आणि नदीच्या जागेत घरं होती. पूररेषेचा नकाशा पाटबंधारे विभागात आणि महापालिकेत बघायला मिळतो. तुमची इमारत लाल रेषेच्याही बाहेर असेल तर मी विकणार नाही. निळ्या रेषेच्या आत असेल तर तळमजल्यावर सासूबाईंना ठेवू नका, आणि मुलाचं म्हणणं मनावर घ्या.