खापर चाकावरचं की हाताने वळलेलं, हे कळतं कसं?

प्रश्न: इनामगावच्या (पुणे जिल्ह्यातलं ताम्रपाषाणयुगीन उत्खननाचं ठिकाण) खापरांबद्दल वाचताना 'चाकावर घडवलेलं', 'चांगलं भाजलेलं' असं लिहिलेलं असतं. तळहाताएवढ्या तुकड्यावरून हे कसं काय सांगतात, की नुसता अंदाज असतो? (एक वाचक, शिरूर)

उत्तर: नाही हो, बघून सांगता येतं. खापराचा छोटा काप काढून काचेच्या स्लाइडवर चिकटवायचा आणि घासत घासत 0.03 मिलिमीटरवर आणायचा, मग त्यातून उजेड आरपार जातो आणि तो पोलरायझिंग मायक्रोस्कोपखाली (एकाच दिशेत कंप पावणारा उजेड वापरणारा सूक्ष्मदर्शक) ठेवता येतो. दगडाचं थिन सेक्शन करतात तसंच हे.

आता चाकाचं. आतल्या बाजूला गोल रेघा दिसल्या की लोक चाकावरचं म्हणून मोकळे होतात, पण फसगत तिथेच होते, कारण मातीच्या वळ्या रचून केलेलं मडकं शेवटी चाकावर फिरवून नीट केलं तरी अशाच रेघा येतात आणि उलट चाकावरून उतरवलेलं मडकं थापीने ठोकून वाढवलं की रेघा पुसून जातात! म्हणून आतलीच रचना बघायची. चाकावर माती वर ओढली जाते तेव्हा तिच्यातल्या बारीक पोकळ्या लांबट होऊन तिरक्या एका दिशेला लागतात, वळ्यांच्या मडक्यात मात्र जोडापाशी कण आणि पोकळ्या गोल फिरलेल्या दिसतात, जोड वरून कितीही गुळगुळीत केलेला असो. मला तर ही सगळ्यात भारी गोष्ट वाटते, तीनेक हजार वर्षांपूर्वीच्या कुंभाराचा हात कसा फिरला ते दिसतं. इनामगावची काळ्या नक्षीची लाल जोर्वे भांडी (जोर्वे गावावरून हे नाव) चाकावरची आहेत, पण त्याच लोकांचे मोठे रांजण हाताने घडवलेले.

भाजणीचं म्हणाल तर, कमी आचेवर भाजलेली माती या मायक्रोस्कोपखाली स्लाइड फिरवली की चमकते-विझते, साधारण 800-850 अंश सेल्सिअसच्या पुढे ती चमक जाते. मधला थर काळा राहिला असेल तर आतलं भूसकट वगैरे नीट जळलेलं नाही.

माती कुठली हे मात्र आपल्याकडे अवघड, कारण दख्खनभर बेसॉल्टच, त्यामुळे काळे-पांढरे पट्टे दाखवणारं प्लॅजिओक्लेज आणि रंगीत पायरॉक्सीन ही बेसॉल्टमधली खनिजं गावोगावच्या खापरात सापडणारच. ग्रॅनाइटचे कण दिसले तर भांडं किंवा माती लांबून आली असं धरता येतं.

आणि एक, नदीकाठी खापर दिसलं तर उचलून घरी नेऊ नका प्लीज, कुठल्या थरातलं ते कळलं नाही तर मायक्रोस्कोपही फारसं काही सांगू शकत नाही.