रविवारी संध्याकाळी पोटात उठणारा गोळा

"ताई, मी तालुक्याच्या गावी एका सरकारी बँकेत अधिकारी आहे. वय ४२. दोघांची बदली झाली, त्यांच्या जागी कोणी आलंच नाही. कर्जं, वसुली, वर विम्याचं टार्गेट. रात्री अकरालाही ग्रुपवर आकडे मागतात, कमी पडलं की सगळ्यांदेखत नाव घेतात. रविवारी संध्याकाळीच पोटात गोळा येतो. एंडोस्कोपी नॉर्मल आली. दिवाळीच्या सुट्टीत मात्र गोळ्यांशिवाय बरी होते. नवरा म्हणतो, सरकारी नोकरीत कसलं टेन्शन? राजीनामा लिहून ठेवलाय. मीच कमकुवत आहे का?"

तुम्ही दिवाळीचं सहज लिहून गेलात, पण पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे. सुट्टीत थांबणारं आणि रविवारी संध्याकाळी परत येणारं दुखणं बहुतेक वेळा कामावरून आलेलं असतं. तरी थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बीपी तपासून घ्या. 'टेन्शन' म्हटलं की बायकांच्या या तपासण्या हमखास राहून जातात.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये 'बर्नआउट'ची व्याख्या केली, तीही आजार म्हणून नव्हे, तर नोकरीतून येणारी अवस्था म्हणून. त्राण संपणं, कामाचा वीट येणं आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं, या तिच्या खुणा. शेवटची फार फसवी. तुमचा 'कमकुवत' हा शब्द तिथूनच आलाय. तिघांचं काम एकटीने ओढताय, कमकुवत कशा? प्राणायाम करा असं मी सांगणार नाही. करायचा तर जरूर करा, पण त्याने शाखेत माणूस वाढत नाही.

मॅनेजरना तोंडी सांगू नका, मेल करा. 'जमत नाही' असं लिहू नका. हातातली कामं मांडा आणि विचारा, 'यातलं आधी कुठलं करू, कुठलं मागे ठेवू?' याचं उत्तर त्यांना द्यावं लागतं, आणि ते लेखी राहतं. नाव घेऊन केलेल्या पाणउताऱ्याचे स्क्रीनशॉट ठेवा. अधिकाऱ्यांच्या संघटनेची वर्गणी पगारातून कापली जात असेल, तर एकदा ती वसूल करा! रात्री नऊनंतर ग्रुप म्यूट. खरंच आग लागली तर फोन येईल.

राजीनामा फाडू नका, पण मार्चअखेरच्या धामधुमीत देऊही नका. आधी शिल्लक रजा काढा, डॉक्टरांनी लिहून दिली तर आजारपणाची. रजेच्या दुसऱ्या आठवड्यातही तेच वाटलं, तर मग पैशांचा हिशेब मांडून ठरवा.

नवऱ्याला समजावत बसू नका. एका रात्री फोन त्यांच्या हातात द्या आणि ग्रुप वाचू द्या.

झोप सलग उडाली, रडू आवरेना किंवा 'आपण नसलेलं बरं' असं एकदा जरी मनात आलं, तर रजेची वाट पाहू नका. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो, पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येतं.