पहिली गोळी, थंड नळी

प्रश्न : ताई, यंदा पहिल्यांदाच सोडतीत पश्चिम कोलोरॅडोतला म्यूल डिअरचा (मोठ्या कानांच्या हरणाचा) परवाना लागला. शिकारीला नोव्हेंबरात जायचंय. रायफल .270 विंचेस्टर आहे आणि काडतुसं मी घरीच भरतो. जूनमध्ये 100 यार्डांवर तीन गोळ्यांचा ग्रुप (कागदावरच्या भोकांचा पुंजका) अर्ध्या इंचात बसला. पुढच्याच रविवारी त्याच काडतुसांचा ग्रुप दीड इंचाचा झाला. तेव्हापासून दोन वेळा दारू बदलली, तीन वेळा गोळी बदलली, तरी काही जमत नाही. काडतुसाच्या पितळी नळकांड्याच्या, म्हणजे केसच्या, माना तासायचं हत्यार घेऊ का? तुम्ही स्वतः किती ग्रेन (हे वजनाचं माप) दारू भरता तेही सांगा. मित्राकडेही .270 आहे, त्यालाही भरून द्यावीत म्हणतो.
– एक वाचक, डेन्व्हर

उत्तर : जूनमधल्या तुमच्या काडतुसांत बहुधा काहीच वाईट नव्हतं. ते दोन्ही कागद टाकून दिले नसतील तर खिडकीच्या काचेवर धरा आणि नेमाचे ठिपके एकावर एक आणा. सहा भोकं दिसतील. रायफलचा खरा ग्रुप त्या सहांच्या जवळपास आहे. अर्धा इंच त्यातलाच आणि दीड इंचही त्यातलाच.

तीन गोळ्या फार थोडं सांगतात. त्याच रायफलने, त्याच काडतुसांनी दहा गोळ्या झाडल्या, तर ग्रुप तीन गोळ्यांच्या सरासरी ग्रुपच्या सुमारे 1.6 पट मोठा येतो. दारू तीच, नळी तीच, फक्त गोळ्या वाढल्या. आठ मिश्रणांचे तीन-तीन गोळ्यांचे ग्रुप काढून त्यातला सर्वांत लहान उचलला, तर आपण बहुतेक वेळा योगायोग उचलतो. मी 31 वर्षं एका कारखान्यात गेज तपासणीत काढली. तिथे तीन नग मोजून कोणी लॉट पास केला असता तर मी त्याला परत पाठवलं असतं. तरीही रेंजवर मी कित्येक वर्षं तेच करत होते. वहीच्या पहिल्या पानांवर लहान ग्रुपच चिकटवलेले आहेत, मोठे मी कचऱ्यात टाकले. ती पानं आज पाहवत नाहीत.

आता असं करा. दारू आणि गोळी ठरवा आणि बदलणं थांबवा. भरण्याच्या मॅन्युअलमध्ये नेमक्या तुमच्या गोळीसाठी जे सुरुवातीचं वजन दिलंय तिथून निघा आणि पायरीपायरीने वर जा. प्रत्येक पायरीला क्रोनोग्राफवर (गोळीचा वेग मोजायच्या यंत्रावर) दिसणारा वेग लिहा. शेजारशेजारच्या तीन पायऱ्यांच्या गोळ्या कागदावर जवळपास एकाच उंचीवर लागत असतील, तर त्यातली मधली पायरी घ्या. सर्वांत वरची नको. आणि मॅन्युअलमधला कमाल वेग गाठलात की थांबा, प्राइमर (केसच्या तळाची, ठिणगी देणारी टोपी) कितीही छान गोल दिसत असला तरी. प्राइमर चपटा होणं किंवा बोल्ट (नळी मागून बंद करणारा दांडा) जड उचलला जाणं ही लक्षणं उशिरा दिसतात, दाब त्याआधीच वाढलेला असतो.

हे मी अनुभवाने शिकले. एका जानेवारीत, कडाक्याच्या थंडीत, मी वरच्या टोकाची काडतुसं बसवली. सगळं उत्तम चाललं. ऑगस्टमध्ये तीच पेटी उन्हात बाकावर ठेवून झाडली आणि दुसऱ्याच गोळीला बोल्ट उघडेना. तळहाताने ठोकून उघडला, तर केसच्या तळावर इजेक्टरचा (केस बाहेर फेकणाऱ्या खिळीचा) चकचकीत गोल उमटलेला. उरलेली अठ्ठेचाळीस त्याच संध्याकाळी उकलली. दारू तापली की जास्त दाब देते. काही दारू तापमानाला कमी जुमानतात, हॉजडनच्या एच4350 आणि एच4831 त्यासाठीच ओळखल्या जातात. थंडीने वेग थोडा कमी झाला तर तीनशे यार्डांवर गोळी जेमतेम इंचभर खाली लागेल. त्याची काळजी करू नका. काळजी उलट्या बाजूची करायची.

मानेचं हत्यार घेऊ नका. कारखान्यातून आलेल्या तुमच्या चेंबरला (नळीतल्या काडतूस बसायच्या जागेला) त्याचा उपयोग नाही. ते पैसे एकाच लॉटच्या पितळी केसवर आणि खांदा (मानेखालचा उतार) मोजायच्या गेजवर घाला. साइझिंग डाय (झाडलेली केस पुन्हा मापात आणणारा साचा) असा लावा की केसचा खांदा दोन थाऊ (इंचाचे दोन हजारांश) मागे जाईल. जास्त ढकललात तर पितळ दर वेळी ताणलं जातं आणि काही फेऱ्यांनी तळाजवळ फुटतं. केस लांब झाली की कापा, कड घासा. दारू प्रत्येक केससाठी तोला. टेबलावर एका वेळी दारूचा एकच डबा असू द्या. आणि गोळी बसवण्याआधी ही एक गोष्ट न चुकता करा : पन्नास केस ठोकळ्यात उभ्या असताना खोलीतला दिवा घालवा आणि छोटी टॉर्च घेऊन एकेका मानेत डोकवा. आत काळसर दाण्यांची पातळी दिसते. पन्नासही सारख्या दिसल्या पाहिजेत. एकदा मला चौथ्या ओळीत एक केस अर्धी रिकामी दिसली, बाहेरून ती इतरांसारखीच होती. त्या दिवसापासून मी भरताना फोन खोलीबाहेर ठेवते.

माझे ग्रेन किती, ते मी इथे छापणार नाही. माझ्या नळीचा घसा, माझा तराजू, माझ्या डब्याचा लॉट, यातलं काहीच तुमच्याकडे नाही, आणि छापलेला आकडा वाचणाऱ्याकडे एकटाच पोचतो, त्यामागची खबरदारी मागेच राहते. त्याच कारणाने मित्रालाही भरून देऊ नका. स्वतःपुरती काडतुसं भरायला अमेरिकेत केंद्राचा परवाना लागत नाही, विकायला मात्र लागतो. पण पैसे घेतले नाहीत तरी तुमच्या चेंबरमध्ये ठीक असलेलं काडतूस त्याच्या चेंबरमध्ये जास्त दाब देऊ शकतं. त्याला शेजारी बसवून शिकवा. कोलोरॅडोच्या नियमात .270 बसते : हरणासाठी किमान .24 कॅलिबर (गोळीची जाडी, इंचांत) आणि किमान 70 ग्रेनची, आत शिरून फुलणारी गोळी लागते.

आता मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते. हरणावर जाणारी गोळी ही थंड नळीतून निघालेली पहिली गोळी असते, आणि रेंजवर आपण तीच सोडून बाकी सगळ्या मोजतो. म्हणून एक कागद वेगळा ठेवा. दहा वेगवेगळ्या दिवशी, रेंजवर पोचल्यावर पहिली एकच गोळी त्या कागदावर झाडा, 200 यार्डांवरून. मग कागद उतरवा, गुंडाळा आणि पुढच्या वेळी पुन्हा लावा. दहाव्या दिवशी जो ग्रुप दिसेल तो तुमचा. माझा चार इंचांचा निघाला होता. मला वाईट वाटलं, पण पहिल्यांदाच माझ्या हातात खरा आकडा होता.

त्यानंतर बाक सोडा. आठ इंचांची कागदी प्लेट लावा. म्यूल डिअरच्या हृदय-फुप्फुसांची जागा साधारण तेवढी धरा. जमिनीवर बसून, पाठपिशवीवर रायफल टेकवून, धाप लागलेली असताना झाडा. सलग पाच गोळ्या जितक्या लांबून प्लेटवर बसतात, तेवढंच तुमचं अंतर. वाऱ्याची गणती त्यातच करा : ताशी 10 मैलांचा आडवा वारा .270ची 130 ग्रेनची गोळी 300 यार्डांवर सुमारे सहा इंच ढकलतो. दारूच्या कुठल्याही वजनाने ते सुधारत नाही. सेजब्रशच्या झुडपांची टोकं हलताना बघायची सवयच ते सुधारते.

माझं अंतर 275 यार्ड. अनकम्पाग्रे पठारावर एका सकाळी चौकटी शिंगांचा मोठा नर समोरच्या उतारावर उभा होता, रेंजफाइंडर 410 दाखवत होता. चारही पायांवर उसळ्या घेत तो ज्युनिपरच्या झाडांकडे गेला, कडेला थांबला, आणि म्यूल डिअर बहुधा थांबतात तसाच मागे वळून बघत राहिला. ते मोठाले कान माझ्याकडे वळलेले होते. मी सेफ्टी काढली नाही. त्या सीझनला रिकाम्या हाताने परतले आणि त्याचं मला आजही बरं वाटतं. जखमी हरणाच्या रक्ताचा माग संध्याकाळी बर्फात हरवतो तेव्हा काय वाटतं, ते मला ठाऊक आहे. ती गोळी 350 यार्डांवरून मीच झाडली होती, आणि माझ्या खिशात अर्ध्या इंचाचा ग्रुप होता.

प्रश्न : मावशी, मला अॅरिझोनात कैबाब पठाराचा परवाना मिळालाय. तिथे तांब्याच्या गोळ्या वापरा म्हणतात. शिशाच्या गोळीला जेवढी दारू भरत होते तेवढीच त्याच वजनाच्या तांब्याच्या गोळीला चालेल का?
– एक वाचक, फ्लॅगस्टाफ

उत्तर : नाही चालणार, बाळा. तांबं शिशापेक्षा हलकं, म्हणून वजन तेच ठेवलं तर गोळी लांब होते, केसमध्ये खोल उतरते आणि दारूची जागा खाते. शिवाय ती टणक असते. गोळीच्या कंपनीने नेमक्या त्याच गोळीसाठी दिलेली माहिती घे आणि सुरुवातीच्या वजनापासून नव्याने चढ. नळीतल्या आट्यांपासून (गोळीला फिरवणाऱ्या खाचांपासून) 50 थाऊ लांब ठेवून पहिली काडतुसं बसव. तांब्याच्या बऱ्याच गोळ्यांना एवढं अंतर मानवतं.

आणि वापर नक्की. उत्तर अॅरिझोनात व्हर्मिलियन क्लिफ्सला 1996पासून कॅलिफोर्निया कॉन्डॉर (एक प्रकारची गिधाडं) सोडताहेत. आपण हरीण साफ करून आतडी रानात टाकतो, ती हे पक्षी खातात. शिशाची गोळी आत फुटून बारीक कण दूरवर पसरवते, आणि तिथल्या कॉन्डॉरच्या मृत्यूंचं सर्वांत मोठं कारण शिशाची विषबाधा हेच आहे. ते कण मांसातही राहतात, म्हणजे तुमच्या ताटातही. शिशाचीच गोळी झाडावी लागली, तर आतडी पिशवीत भरून खाली आण.