उभ्या गाडीला झटक्यात सोडण्यापूर्वी
गाडी उभ्या जागेवरून सुसाट सोडताना, म्हणजेच लाँच करताना, पहिला मार कोणत्या भागाला बसतो, हे गिअरबॉक्सच्या प्रकारावर ठरते. मॅन्युअल गाडीत इंजिन चार-पाच हजार आरपीएमवर नेऊन क्लच एकदम सोडला आणि टायरांची पकड पक्की असली, तर सारा हिसका ड्राइव्हशाफ्ट (चाकांना शक्ती पोचवणारा दांडा), सीव्ही जॉइंट (त्या दांड्याचा वळणारा सांधा) आणि डिफरन्शिअलच्या (दोन चाकांत शक्ती वाटणाऱ्या गिअरसंचाच्या) दात्यांवर येतो. तो टाळण्यासाठी क्लच अर्धवट धरून ठेवला, तर प्लेट करपते. टायर थोडे घसरले तर यंत्राचे भलेच, असे माझे मत आहे. टॉर्क कन्व्हर्टरच्या (क्लचऐवजी तेलातून शक्ती पोचवणाऱ्या) ऑटोमॅटिकमध्ये हिसका मऊ असतो, परंतु ब्रेक दाबून ॲक्सिलरेटर देताना इंजिनाची ऊर्जा गिअरबॉक्सचे तेल तापवण्यातच जाते, म्हणून ही स्थिती दोन-तीन सेकंदांपलीकडे नेऊ नये. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या आसपास असताना ते तेल लवकर निवत नाही; एका लाँचनंतर गाडी काही किलोमीटर संथ चालवावी. कोरड्या, म्हणजे तेलात न बुडलेल्या, क्लचच्या ड्युअल क्लच (दोन क्लचच्या ऑटोमॅटिक) गाडीत हा हट्ट धरूच नये. आणि धुळे-जळगाव महामार्ग ही त्याची जागा नव्हे: शासनाच्या संमतीशिवाय सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणे मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १८९ नुसार गुन्हा आहे.