मुलगी आठवीत आहे, पुढे काय व्हायचं ते तिला सांगता येत नाही. आत्ताच कल चाचणी करून घ्यावी का?

माझं मत विचाराल तर आत्ता नको. मी माध्यमिक शाळेत १९ वर्षं शिकवतोय. आठवीची मुलं डॉक्टर, पोलीस, इंजिनिअर याच्या पलीकडे फारसं सांगत नाहीत, कारण बाकीची कामं त्यांच्या कानावरच आलेली नसतात. जे काम पाहिलंच नाही, त्याची आवड चाचणीत तरी ती कुठून सांगणार?

त्यापेक्षा तिला कामं दाखवा. आम्ही दिवाळीनंतर चार-चार मुलांना दिवसभर पाठवतो. कुणी एसटीच्या आगारात, कुणी दूध शीतकरण केंद्रात, कुणी रक्त तपासणीच्या लॅबमध्ये. तीन प्रश्न विचारायचेच: हे शिकलात कुठे? पहिला पगार किती होता? आणि कामातला सगळ्यात कंटाळवाणा भाग कोणता? तिसऱ्या प्रश्नावर माणसं मोकळी होतात. लॅबमधल्या एका ताईंनी सांगितलं, सकाळी सातपासून उपाशीपोटी आलेल्यांची रांग असते, आणि नळीवरचं एक नाव चुकलं तर पुढची सगळी तपासणी वाया. रक्त बघून घाबरणारी आमची एक विद्यार्थिनी त्यानंतर आठवडाभर त्या नळ्यांबद्दलच बोलत होती.

२०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांनी १० दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार अशा स्थानिक कारागिरांकडे शिकावं असं म्हटलंय. तुमच्या शाळेत ते होतं का, विचारा. पुणे जिल्ह्यातल्या पाबळचा विज्ञान आश्रम ही हातानं काम करत शिकवणारी संस्था, डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी ती १९८३ मध्ये सुरू केली. आश्रमाचा कार्यक्रम चालणाऱ्या शाळांत आठवी ते दहावीची मुलं आठवड्यातून एक दिवस हातानं काम करतात. जवळपास अशी शाळा असेल तर मुलीला घेऊन बघून या.

दहावीनंतरच्या वाटांचं आत्ता एवढंच, की डिप्लोमा म्हणजे कमी मार्कवाल्यांचा रस्ता, हे घरात कुणी तिच्यासमोर बोलू नका. तीन वर्षांच्या डिप्लोमानंतर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. आयटीआय केलेल्यांना कारखान्यात विद्यावेतनावर शिकाऊ उमेदवारी करता येते.

या सुट्टीत ओळखीच्या दोन ठिकाणी शब्द टाका. एखादी मैत्रीण सोबत द्या, सकाळी पोहोचवा, संध्याकाळी आणायला जा, पण मधे थांबू नका. आई-वडील शेजारी असले की मुलं तोंडच उघडत नाहीत. आणि परत येताना “मग हे व्हायचंय का?” असं विचारू नका. काय काय पाहिलं, ते तिला सांगू द्या.