बोअरच्या पाण्याचे क्षार: आधी कठीणता मोजा, मग यंत्र घ्या

पुण्याजवळच्या वाघोलीतील आपल्या इमारतीत बोअरचे आणि टँकरचे पाणी येते, टीडीएस मीटरवर ८५० चा आकडा दिसतो, नळांवर पांढरे थर साचतात, गीझर पूर्वीसारखे पाणी तापवत नाही आणि विक्रेता संपूर्ण घरासाठी आरओ, म्हणजे पाणी दाबाने बारीक पडद्यातून गाळून क्षार काढणारे यंत्र, सुचवतो आहे. अशा वेळी काय करावे, असे आपण विचारले आहे. माझे मत स्पष्ट आहे. संपूर्ण घराला आरओ लावू नये, आणि पाण्याची कठीणता मोजल्याशिवाय कोणतेही यंत्र घेऊ नये.

टीडीएस मीटर पाण्याची विद्युतवाहकता मोजून त्यावरून विरघळलेल्या सर्व क्षारांचा अंदाज देतो. त्यात साधे मीठही येते, आणि मिठाने गीझरमध्ये थर बसत नाही. थर बसतो तो कॅल्शियम आणि मॅग्नेशियममुळे; या दोहोंच्या प्रमाणालाच कठीणता म्हणतात. म्हणून ८५० टीडीएसच्या दोन पाण्यांपैकी एक गीझरचा घात करणारे आणि दुसरे बऱ्यापैकी निरुपद्रवी असू शकते. प्रयोगशाळेत नमुना देताना ‘एकूण कठीणता’ आणि ‘अल्कता’ (मुख्यतः बायकार्बोनेटचे प्रमाण) हे दोन आकडे आवर्जून मागावेत. कठीणता घरी थेंब मोजून तपासण्याचे छोटे संचही मिळतात. त्यात पाण्याचा लालसर रंग निळा होईपर्यंत द्रावण घालायचे असते. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक १०५०० मध्ये एकूण कठीणतेची स्वीकार्य मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालते. पुण्याला मिळणारे खडकवासल्याच्या धरणाचे पाणी सह्याद्रीतील पावसाचे असल्यामुळे त्याची कठीणता कमी असते. बोअरचे पाणी मात्र बेसाल्टच्या भेगांतून मुरत येताना हे क्षार सोबत आणते. टँकर कोठून भरला यावर त्याचे पाणी अवलंबून असते, म्हणून बोअर आणि टँकर यांचे नमुने वेगवेगळे द्यावेत.

विक्रेते दारात दोन पेल्यांमध्ये तारा बुडवून एक पाणी तपकिरी करून दाखवतात. तो रंग पाण्यातील घाणीचा नसून विजेमुळे झिजलेल्या लोखंडी सळ्यांचा असतो. आरओच्या पाण्यात क्षार अत्यल्प असल्याने वीज जवळजवळ वाहत नाही आणि ते स्वच्छ दिसते. या प्रयोगावर विसंबून कोणी हजारो रुपये खर्च करू नयेत, असे मला मनापासून वाटते.

आता गीझरकडे वळू. पाण्यात विरघळलेले कॅल्शियम बायकार्बोनेट तापल्यावर विघटित होते, कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कॅल्शियम कार्बोनेट कॉईलवर व टाकीच्या तळाशी बसते. पाणी जितके जास्त तापवाल तितका हा थर जास्त जमतो. समजा कठीणता लिटरला ४०० मिलिग्रॅम आहे आणि घरात रोज १०० लिटर गरम पाणी लागते; म्हणजे रोज ४० ग्रॅम क्षार गीझरमधून जातात. त्यांचा दहावा भाग जरी आत राहिला, तरी वर्षाला सुमारे दीड किलो होतो. त्यामुळे थर्मोस्टॅट ५५ अंशांच्या आसपास ठेवावा आणि वर्षातून एकदा गीझर उघडून घ्यावा. हे काम मेकॅनिककडूनच करवावे: मुख्य स्विच बंद, टाकी रिकामी, कॉईल बाहेर, तळातील गाळ साफ, नवे गॅस्केट, आणि टाकी गंजू नये म्हणून आत बसवलेली मॅग्नेशियमची सळी झिजली असल्यास तीही बदलावी. सुरक्षा झडप मोकळी आहे ना, हे स्वतः उभे राहून पाहावे. ती क्षारांनी बंद झाली तर आतला दाब बाहेर पडण्याची वाट उरत नाही. गळक्या नळापेक्षा हा धोका फार गंभीर आहे.

नळाची जाळी, शॉवरची चाळणी आणि किटली यांसाठी लिंबूसत्व (सायट्रिक ॲसिड) उत्तम. एक लिटर कोमट पाण्यात साधारण २० ग्रॅम घालून भाग अर्धा तास बुडवावा आणि धुऊन काढावा. हे द्रावण उकळू नये, कारण तापल्यावर कॅल्शियम सायट्रेटचा नवा साका बसू शकतो. बाथरूमचे तीव्र ॲसिड वापरू नये; त्याने नळाचा मुलामा जातो, आणि ते ब्लीचिंग पावडरमध्ये मिसळले तर विषारी क्लोरीन वायू निघतो. संगमरवर, कोटा आणि कडप्पा यांवर तर लिंबूसत्वही घालू नये. हे दगड स्वतःच कॅल्शियम कार्बोनेटचे असल्यामुळे डागासोबत फरशीही विरघळते आणि तिची चमक जाते. कपड्यांसाठी साबणाच्या वडीऐवजी डिटर्जंट वापरले की साका होत नाही. तूरडाळ शिजत नसेल तर ती आरओच्या पाण्यात भिजवून त्यातच शिजवावी. कॅल्शियममुळे डाळीतील पेक्टिन घट्ट राहते. तुरटीने गढूळपणा बसतो, कठीणता जात नाही. क्षार बसू नयेत म्हणून पाइपला बांधायच्या चुंबकांबद्दल मला भरवसा वाटत नाही.

कठीणता खरोखर जास्त निघाली, तर उपाय सॉफ्टनर हाच आहे. त्यातील रेझिन (बारीक कृत्रिम मणी) कॅल्शियम, मॅग्नेशियम धरून ठेवते आणि बदल्यात सोडियम सोडते. रेझिन भरले की मिठाच्या पाण्याने ते पुन्हा ताजे करावे लागते. यानंतरही टीडीएस मीटरवरचा आकडा जवळपास तोच दिसेल, म्हणून यंत्र बिघडले असे समजू नये. मात्र ४०० कठीणतेचे पाणी पूर्ण मृदू केल्यावर त्यात लिटरमागे सुमारे १८५ मिलिग्रॅम सोडियम वाढते. उच्च रक्तदाब असलेल्यांनी ते पिऊ नये. पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी ओट्याजवळ लहान आरओ पुरेसा आहे. तो सॉफ्टनरनंतर जोडला तर हे सोडियमही बरेचसे निघते आणि आरओच्या मेंब्रेनवर, म्हणजे गाळणाऱ्या पडद्यावर, क्षार बसत नाहीत. संपूर्ण घराला आरओ लावल्यास फ्लशसाठीचे पाणीही शुद्ध करत बसावे लागते आणि बरेच पाणी गटारात जाते. टँकर विकत घेणाऱ्या इमारतीला हे परवडणारे नाही.

सॉफ्टनर एकेका सदनिकेऐवजी सोसायटीने सामाईक घ्यावा, असे मी सुचवेन. फ्लशची आणि बागेची पाइपलाइन त्यातून वगळावी, म्हणजे मीठ कमी लागेल. रेझिन धुतल्यावर निघणारे खारे पाणी बागेत सोडू देऊ नका. सोडियममुळे माती घट्ट होते आणि झाडे जळतात. कंत्राटदाराकडून दर किती लिटरला किती मीठ लागेल आणि बाहेर पडणाऱ्या पाण्याची कठीणता किती राहील, हे दोन आकडे करारात लिहून घ्यावेत.